शिक्षकाची पदवी आणि शिक्षकाची शाळा



शिक्षणशास्त्रांतील 'मास्टर' ही पदवी आपल्या देशांत प्रथम मुंबई विद्यापीठानें १९३६ सालीं सुरू केली. 'एम्. एड्.' हीं अक्षरें आज आपल्या कानांना इतकीं सरावलीं आहेत कीं, वकिलीची किंवा वैद्यकीची पदवी जशी, तशीच ही एक, असें आपण धरून चालतों. परंतु वकील पदवी घेऊन न्यायालयांत जातो, वैद्य रोग्याच्या बिछान्यापाशीं जातो. शिक्षणशास्त्राची ही मोठी पदवी घेतलेला शिक्षक मात्र बहुधा मुलांच्या वर्गांतून उठून जातो. तो अध्यापक महाविद्यालयांत प्राध्यापक होतो, अधिकारी होतो, किंवा निदान मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर तरी बसतो. हें असें कां झालें, आणि या पदवीचा अभ्यासक्रम मुळांत कोणकोणत्या प्रश्नांतून घडत आला, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा विषय बोलण्याचा माझा अधिकार तो काय? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि प्राथमिक शिक्षकाची सनद घेऊन हयातभर खेड्यांतील मुलांना अक्षरओळख करून दिलेला मनुष्य. आतां निवृत्त आहें. माझी एक पुतणी दोनशिक्षकी शाळेंत शिकविते. तिनें बिनपगारी रजा घेऊन दोन वर्षें हा अभ्यासक्रम पुरा केला आणि आपल्या वह्या माझ्याकडे वाचावयास दिल्या. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, शिक्षणाचा इतिहास, मूल्यमापन, संशोधनपद्धति व संख्याशास्त्र, आणि शेवटीं लघुप्रबंध, असा तो सारा प्रपंच. गेल्या पावसाळ्यांत मीं त्या वह्या वाचल्या, त्यांत ज्यांचीं नांवें आलीं त्यांचीं पुस्तकें मिळतील तेवढीं मिळवून चाळलीं, आणि संध्याकाळीं आम्हां दोघांचा वाद रंगूं लागला. ती एकदां म्हणाली, "काका, परीक्षेपुरतें वाचलें तेव्हां हर्बार्ट म्हणजे पांच पायऱ्या आणि बिने म्हणजे एक सूत्र, एवढेंच मला ठाऊक होतें. शाळेंत परत गेल्यावर एका मुलाला कांहीं केल्या वाचतां येईना, तेव्हां पहिल्यानें मनांत आलें कीं, या लोकांपुढेंहि असाच कोणी मुलगा अडून बसला असेल." तिचें हें म्हणणें मला फार पटलें. या पदवीच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या मागें असा एखादा अडलेला मुलगा आहे, आणि प्रश्नपत्रिका छापतांना त्याचेंच नांव तेवढें गळून पडलें आहे.

आरंभ आपल्या घराजवळूनच करूं. पंतोजीच्या शाळेंत पंतोजीला शिकविण्याची विद्या कोणी शिकवीत नसे. शाळा मात्र पुष्कळ होत्या. मुंबई सरकारच्या कौन्सिलचे एक सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं लिहून ठेविलें आहे कीं, निदान एक तरी शाळा नाहीं असें लहानमोठें गांव या मुलखांत क्वचितच आढळेल. त्या शाळांत मोठीं मुलें लहानांना सांगत, आणि धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवून घेत. हीच रीत मद्रासेजवळ एग्मोर येथें सैनिकांच्या अनाथ मुलांचा आश्रम चालविणारे डॉ. अँड्र्यू बेल यांच्या दृष्टीस पडली. त्यांनीं आपल्या आश्रमांत तिचा प्रयोग केला आणि विलायतेस परत गेल्यावर १७९७ सालीं त्याविषयीं एक पुस्तिका छापली. ती पद्धति 'मद्रास पद्धति' या नांवानें इंग्लंडांत पसरली. जोसेफ लँकेस्टर यांनींहि लंडनमध्यें तशाच धर्तीची शाळा काढली. आणि मग नव्या इंग्रजी अमदानींतील शाळांबरोबर ती आमच्याकडे परत आली. आमचीच धूळपाटी, पण विलायती शिक्का मारून! 'तौलनिक शिक्षण' या विषयाच्या वहींत ही हकीकत मला कोठें आढळली नाहीं. त्या विषयाचा पहिला धडा हाच असावयास काय हरकत आहे?

मराठी शाळांसाठीं शिक्षक तयार करण्याचा वर्ग मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत १८४५ सालीं निघाला आणि त्याची सूत्रें बाळशास्त्री जांभेकर यांच्या हातीं देण्यांत आलीं. 'नॉर्मल' हा त्या वर्गाला लाविलेला शब्द फ्रेंचांचा. राज्यक्रांतीनंतर १७९४ सालीं पॅरिसमध्यें शिक्षकांसाठीं जी शाळा स्थापन झाली, तिच्या नांवांत तो होता, आणि त्याचा अर्थ आदर्श किंवा नमुना घालून देणारी शाळा असा. १८३२ सालीं 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री या कामावर पुरतें वर्षभरहि राहिले नसतील. १८४६ च्या मे महिन्यांत ते वारले. तेव्हां त्यांचें वय अवघें चौतीस वर्षांचें होतें. ज्या माणसाला गणित, ज्योतिष, व्याकरण, इतिहास हीं सारीं सारख्याच अधिकारानें येत होतीं, त्याला सरकारनें खेड्यापाड्यांतील पंतोजींचा गुरु नेमिलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पहिल्या दिवशीं तरी, लहान मुलांच्या शिक्षकाला शिकविणें हें थोर विद्वानाचें काम आहे, अशी समजूत होती.

त्याच काळांत पुण्यांत दुसरी एक गोष्ट घडत होती. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंना शिक्षिका होण्यासाठीं घरच्या शिक्षणावर न थांबतां अहमदनगरास मिस फरार यांच्याकडे व पुण्यास मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलांत शिकविलें. नवरा शिकवितो तेवढें पुरें, असें त्या दोघांनाहि वाटलें नाहीं. अक्षर येणें निराळें आणि अक्षर शिकवितां येणें निराळें, हें या जोडप्यास त्या वयांत कळलें होतें.

आणि म्हणूनच, पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं जें निवेदन केलें, त्यांतील शिक्षकांविषयींचा भाग मला आजहि शिक्षणशास्त्राच्या कोणत्याहि प्रकरणापेक्षां अधिक भरींव वाटतो. तत्कालीन प्राथमिक शिक्षकांचा पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो, आणि नॉर्मल स्कुलांतून तयार झालेले त्यांत थोडेच, अशी त्यांची पहिली तक्रार होती. तीवर त्यांनीं सुचविलेले उपाय पाहा. शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावेत. ते लोकांत मोकळेपणानें मिसळणारे असावेत, आणि प्रसंगीं नांगराची मूठ किंवा सुताराचा वांकस हातीं धरावयास त्यांना लाज वाटूं नये. त्यांच्या शिक्षणांत नेहमींच्या विषयांबरोबर शेतकीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान असावें. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं पंधरा किंवा वीस असावा. गांवच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपालाचें काम असें कांहीं त्यांच्याकडे द्यावें, म्हणजे गांवांत त्यांची पत वाढेल.

यांत तत्त्वज्ञान आहे, समाजशास्त्र आहे, अभ्यासक्रमाची आंखणी आहे, शिक्षणाचें अर्थशास्त्र आहे. आणि तें सर्व बारा रुपये या एका आंकड्याभोंवतीं बांधलेलें आहे. माझ्या पुतणीच्या वहींत हंटर कमिशनच्या शिफारशी मुद्देवार लिहिल्या होत्या. जोतीरावांचें निवेदन 'टीप लिहा' या सदरांत चार ओळींत होतें. तिनें तें मूळांतून वाचलें तें पदवी हातीं पडल्यावर. मुलांच्या शिक्षकाकडे गांवाच्या बाजूनें पाहणारा हा एवढा मोठा कागद पदवीच्या अभ्यासांत टीप होऊन बसावा, याचें मला वाईट वाटतें.

आतां दोन वाटा कशा फुटल्या तें पाहूं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें शिक्षकांच्या शिक्षणाची गरज मान्य केली होती, आणि पुढील दशकांत मराठी शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेजें चालूं लागलीं. त्यांच्यासाठीं 'शालापत्रक' नांवाचें मासिकहि निघत असे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं कांहीं वर्षें तें चालविलें, आणि 'निबंधमाले'च्या आधीं त्यांची लेखणी त्यांतच तयार झाली. पण हीं कॉलेजें नांवाचीं कॉलेजें. त्यांचा विद्यापीठाशीं संबंध नव्हता. हायस्कुलांतील पदवीधर शिक्षकांकडे सरकारचें लक्ष खरें वळलें तें १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावानंतर. त्यानंतर दोन वर्षांनीं, १९०६ सालीं, मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालें. येथून पुढें विद्यापीठाची शिक्षणशास्त्रांतील शिडी बांधली गेली ती हायस्कूलच्या शिक्षकांसाठीं: आधीं पदविका, मग बी. टी., आणि १९३६ सालीं तिच्या वरची ही पायरी. चार-पांच वर्षांच्या लेकरांना हात धरून अक्षराशीं आणणारा शिक्षक या शिडीच्या पायथ्याशींहि नव्हता; तो निराळ्याच अंगणांत उभा होता. मुंबई विद्यापीठ भारतांत या पदवीच्या बाबतींत अग्रेसर ठरलें याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण शिडी कोणत्या भिंतीला टेकविली हेंहि पाहावें.

या शिडीवरून जें शास्त्र खालीं आलें, त्यांत सर्वांत दीर्घायुषी ठरली ती हर्बार्टची पंचपदी. प्रस्तावना, प्रतिपादन, तुलना, निष्कर्ष आणि उपयोजन. या पांच घरांत माझ्या पिढीच्या शिक्षकांनीं किती टांचणें भरलीं असतील, त्याची गणती नाहीं. तपासणीचे साहेब वर्गांत आले कीं, आधीं पाठाचें टांचण पाहात, मग मुलांकडे पाहात. एका वयोवृद्ध सहकाऱ्यानें प्रस्तावनेसाठीं एकच प्रश्न जन्मभर वापरला. विषय नदीचा असो कीं अपूर्णांकाचा, तो मुलांना सकाळीं काय जेवलांत म्हणून विचारी आणि तेथून कसा तरी विषयावर येई. त्यांत त्याचें कौशल्यहि होतें म्हणा!

पण हा हर्बार्ट होता कोण? जर्मनींतील हा तत्त्वज्ञ १८०९ सालीं कोनिग्सबर्ग येथें, ज्या आसनावर पूर्वीं कांट बसत असे, त्या आसनावर बसला, हें वहींत असतें. त्याच्या आधींची गोष्ट बहुधा नसते. १७९७ पासून सुमारें तीन वर्षें तो स्वित्झर्लंडांत इंटरलाकेनच्या गव्हर्नराच्या घरीं शिकवणीचा मास्तर होता. मुलें तीन. त्यांच्या वडिलांची अट अशी कीं, दर दोन महिन्यांनीं प्रत्येक मुलाच्या प्रगतीचा लेखी वृत्तांत द्यावा. तीं पत्रें लिहितां लिहितां, एक मुलगा कोठें अडतो, दुसऱ्याला कशाची गोडी आहे, आधींचें ज्ञान नव्याला कसें धरून ठेवितें, हें त्याला दिसत गेलें, आणि त्याच्या शिक्षणशास्त्राचें बीज त्यांत पडलें. पुढें कोनिग्सबर्गला त्यानें शिक्षकांसाठीं वर्ग काढला तेव्हां त्याला जोडून मुलांची शाळाहि ठेविली. शिवाय, पांच पायऱ्या त्याच्या नव्हतच! त्यानें चार अवस्था सांगितल्या होत्या. त्यांच्या पांच झाल्या त्या झिलर आणि राइन या अनुयायांच्या हातीं, त्याच्या मृत्यूनंतर. तीन मुलांना नीट पाहून निघालेला विचार तीन हजार मैलांवर येऊन पोंचला तो चौकटी आंखलेल्या कागदाच्या रूपानें. मुलें वाटेंतच राहिलीं.

माझी पुतणी आतां आपल्या शाळेंत टांचण लिहिते तें लिहितेच, कारण तें मागितलें जातें. पण त्याच्या पाठीमागच्या पानावर ती दर आठवड्यास तीन मुलांविषयीं चार-चार ओळी लिहिते. हा खरा हर्बार्ट, असें मीं तिला म्हटलें. ती हंसली आणि म्हणाली, "परीक्षेंत हें लिहिलें असतें तर गुण मिळाले नसते."

ड्यूईची गोष्टहि अशीच. शिकागो येथें १८९६ सालीं त्यानें प्रयोगशाळा म्हणून जी लहान शाळा काढली, तिच्यासाठीं मुलांना काम करतां येईल अशीं मेजें तो बाजारांत शोधीत हिंडला. मिळेनात. अखेरीस एका दुकानदारानें त्याला ओळखलें आणि सांगितलें कीं, तुम्हांला मुलांनीं काम करावयाचीं मेजें हवीं आहेत, आणि आमच्याकडचीं सारीं ऐकण्यासाठीं केलेलीं आहेत. ही हकीकत ड्यूईनें स्वतःच नमूद करून ठेविली आहे. माझ्या पुतणीनें ती ज्या दालनांत ऐकली तेथील बांकें जमिनीला खिळे ठोकून पक्कीं केलेलीं होतीं; वर्गांत ऐंशींच्या वर मंडळी होती, आणि व्याख्यान लिहून घेण्यासाठीं होतें. तें कोणतें महाविद्यालय हें सांगण्याचें कारण नाहीं. तसें तें एकटेंच नसावें.

मानसशास्त्र आणि मूल्यमापन या विषयांकडे मी अंमळ घाबरतच वळलों, कारण त्या वह्यांत आंकडेच फार. पण सर्वांत अधिक काळ मी तेथेंच रेंगाळलों. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाला १९०४ सालीं सरकारनें एका समितीवर घेतलें. प्रश्न असा होता कीं, शिक्षण सर्वांना सक्तीचें झालें आहे, आतां सामान्य वर्गांत ज्यांना शिकतां येत नाहीं अशीं मुलें ओळखावीं कशीं, म्हणजे त्यांच्यासाठीं निराळी सोय करतां येईल. शिक्षकाच्या मर्जीवर तें सोडलें तर दंगेखोर मुलगा मतिमंद ठरण्याचा संभव! तेव्हां बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनीं १९०५ सालीं सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या तीस कसोट्या तयार केल्या. मदत कोणाला हवी हें शोधण्याचें तें साधन होतें. मुलाची बुद्धि जन्मतःच ठरलेली आणि न बदलणारी आहे, हें म्हणणें बिनेला मान्य नव्हतें; सरावानें व योग्य शिक्षणानें ती वाढते, असें त्यानें आवर्जून लिहिलें. तो १९११ सालीं वारला. त्यानंतर १९१२ सालीं स्टर्न या जर्मन पंडितानें मानसिक वयाला खऱ्या वयानें भागण्याचें सुचविलें, आणि १९१६ सालीं अमेरिकेंत टर्मन यानें त्याला शंभरानें गुणून बुद्ध्यंक रूढ केला. म्हणजे जें सूत्र बिनेचें म्हणून आमचीं मुलें पाठ करितात, तें बिनेचें नव्हेच. आणि ज्या मुलाला मदत मिळावी म्हणून खटपट झाली, त्याच्या कपाळावर त्याच आंकड्याचा शिक्का पुढें बसूं लागला.

आपल्याकडे या कसोट्या मराठी व कानडी मुलांना लावून पाहण्याचें मोठें काम डॉ. कामत यांनीं धारवाडकडे केलें. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. परक्या मुलखांतील प्रश्न जसेच्या तसे उचलून येथल्या मुलापुढें ठेवणें अन्यायाचें आहे, हें ओळखून ते प्रश्न येथल्या भाषेंत आणि येथल्या संसारांत बसवून घेणें, हें किती कष्टाचें काम असेल! ज्या मुलानें आगगाडी पाहिली नाहीं त्याला तिच्याविषयीं विचारून त्याची बुद्धि कशी मोजणार? हा प्रश्न आजहि प्रत्येक चाचणीच्या वेळीं तसाच उभा राहतो. वाचूं न शकणारा तो मुलगा, ज्याच्याविषयीं आमचा वाद चालला होता, त्याच्या घरीं वडारी बोली बोलतात. पुस्तकांतील मराठी त्याला परकी होती. पुतणीनें त्याला त्याच्या बोलींतील शब्द सांगावयास लाविलें, ते देवनागरींत लिहिले, आणि तो वाचूं लागला. लगेच नव्हे, तीन महिने गेले.

शिक्षणाच्या इतिहासाची प्रश्नपत्रिका तर माझ्या आवडीची. नुरुल्ला आणि जे. पी. नाईक यांचा 'हिंदुस्थानांतील शिक्षणाचा इतिहास' हा इंग्रजी ग्रंथ १९४३ सालीं निघाला, आणि तेव्हांपासून तो या विषयाचा आधारग्रंथ होऊन बसला आहे. नाईक मूळचे कोल्हापूरकडील बहिरेवाडीचे. स्वातंत्र्याच्या चळवळींत तुरुंगांत गेलेले, आणि त्यानंतर धारवाड जिल्ह्यांतील उप्पिन बेटगेरी या खेड्यांत शाळेचें व साक्षरतेचें काम केलेले. त्यांचा इतिहास कागदपत्रांवर उभा आहे हें खरें, पण लेखकानें खेड्यांतील शाळेचा उंबरठा झिजविला आहे हेंहि वाचतांना कळतें.

या विषयांतील खरी मौज आहे ती वादांत. महात्माजी १९३१ च्या ऑक्टोबरांत लंडनमध्यें एका सभेंत म्हणाले कीं, पन्नास-शंभर वर्षांपूर्वीं होता त्याहून हिंदुस्थान आज अधिक निरक्षर आहे. इंग्रजांनीं आमच्या शिक्षणाच्या वृक्षाचें मूळ पाहावयासाठीं माती उकरली आणि तें तसेंच उघडें टाकिलें. सभेंत सर फिलिप हार्टॉग बसले होते. त्यांनीं तेथल्या तेथें पुरावा मागितला, आणि मग कित्येक वर्षें पत्रव्यवहार चालला. हार्टॉग यांनीं आपली बाजू १९३९ सालीं पुस्तकरूपानें मांडली. धर्मपाल यांनीं मद्रासकडील १८२२ नंतरचे सरकारी तपासणीचे कागद छापून दुसरी बाजू १९८३ सालीं पुढें आणिली. कोणाचें खरें? माझ्यापुरतें सांगावयाचें तर शाळा पुष्कळ होत्या ही गोष्ट धर्मपालांच्या कागदांवरून नाकारतां येत नाहीं; पण आमच्या या बाजूला त्या शाळांतून अस्पृश्यांचीं मुलें आणि बहुतेक साऱ्या मुली बाहेरच होत्या, हें जोतीरावांच्या अनुभवावरून तितकेंच नाकारतां येत नाहीं. दहा गुणांच्या उत्तरांत हा वाद 'फायदे' आणि 'तोटे' अशा दोन रकान्यांत लिहावा लागतो, यापरती विटंबना कोणती?

पदवी आणि शाळा यांच्यामधील ही फट शहाण्या माणसांच्या नजरेंतून सुटली होती असें मात्र नाहीं. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें (नाईक हेच त्याचे सदस्य-सचिव होते) शिक्षकांच्या शिक्षणाचा मुख्य रोग एकाच शब्दांत सांगितला: एकाकीपणा. अध्यापक-विद्यालयें विद्यापीठापासून तुटलेलीं, शाळांपासून तुटलेलीं, आणि एकमेकांपासूनहि तुटलेलीं. पुढें काय झालें तें आपण जाणतांच. एका काळीं महाराष्ट्रांत डी. एड्. चीं विद्यालयें इतक्या वेगानें वाढलीं कीं, २९१ नव्या विद्यालयांच्या मान्यतेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांतूनच न्यायमूर्ति वर्मा यांचा आयोग नेमला गेला, आणि २०१२ सालच्या त्याच्या अहवालानें अशा संस्थांच्या दर्जावर कोरडे ओढले. त्यानंतर २०१५ पासून बी. एड्. आणि एम्. एड्. हे दोन्ही अभ्यासक्रम एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. शाळेंत प्रत्यक्ष काढावयाचे दिवसहि वाढले. हें चांगलेंच झालें. पण रोग वेळेच्या टंचाईचा नव्हता, एकाकीपणाचा होता. तो दिवस वाढवून कितपत हटेल?

तो हटविलेला मीं एका ठिकाणीं ऐकला आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें लहान मुलांच्या शिक्षणाचें काम सुरू केलें, आणि त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तींत गेलें. बालवाडीला मुलें येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथलाच. गुरें राखणारीं पोरें अंगणांतहि सांपडेनात, तेव्हां शिक्षक कुरणांत गेले आणि 'कुरणशाळा' झाली. माँटेसोरीबाईंचीं साधनें महाग, तर शिंपले, बिया, पानें यांचीं साधनें केलीं. प्रश्न मुलाकडून यावा, त्याचें उत्तर करून पाहावें, चुकलें तर बदलावें, आणि हें सारें लिहून ठेवावें. याहून संशोधनपद्धति ती निराळी काय असते?

आतां राहिला लघुप्रबंध. या पदवीचा मला सर्वांत आशेचा वाटणारा भाग तोच, कारण त्याच्यासाठीं विद्यार्थ्याला एकदां तरी शाळेच्या दारांत परत जावें लागतें. दरसाल आपल्या विद्यापीठांतून जिल्हा परिषदेच्या शाळांविषयीं असे प्रबंध होतात. गळती कां होते, मुली सातवीनंतर कोठें जातात, अपूर्णांक कोठें अडतो, असे एकाहून एक महत्त्वाचे विषय. आमच्या तालुक्यांतील चार-पांच शाळांत मीं सहज विचारून पाहिलें. "हो, कोणी बाई आल्या होत्या, प्रश्नावली भरून घेऊन गेल्या," असें दोन ठिकाणच्या शिक्षकांनीं सांगितलें. त्यांतून निष्कर्ष काय निघाला, हें त्यांना ठाऊक नव्हतें. प्रबंधाची एक प्रत विद्यापीठांत जाते, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत राहते, एक विद्यार्थ्यापाशीं. ज्या शाळेंतील मुलांना पाहून तो लिहिला, तेथें ती पोंचत नाहीं. आणखी एक प्रत छापून, बांधून, त्या शाळेच्या कपाटांत नेऊन ठेवावयास आजच्या भावानें कांहीं शें रुपयांहून अधिक लागूं नयेत. आणि परीक्षकांनीं तोंडी परीक्षेच्या वेळीं ती पोंचल्याची शिक्षकाच्या सहीची पावती मागावी, एवढाच नियम त्यासाठीं करावा लागेल.